जुन्या सभागृहांचा वीजभार आधी मोजा, मग वाढवा

मा. ऊर्जामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

जुन्या सार्वजनिक सभागृहांना वाढीव वीजभार देण्याचा क्रम मला उलटा दिसतो. आधी अर्ज, मग मंजुरी, मग मोठे मीटर. आणि आतल्या वायरिंगकडे लक्ष जाते ते जळका वास आल्यावर. हा क्रम बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र.

अर्जात दिवे, पंखे, एसी, पंप यांच्या वॉटची बेरीज होते. हा झाला जोडभार. पण स्वयंपाकघरातला गिझर, रंगमंचावरचे दिवे आणि पाण्याचा पंप एकाच वेळी क्वचितच चालतात. बेरीज 28 किलोवॅट भरली, तरी कमाल मागणी 15 च्या आसपास असू शकते. उलटही घडते. कार्यक्रमाच्या दिवशी साउंडवाले आणि केटरर आपापली सामग्री मिळेल त्या सॉकेटला लावतात, आणि तो भार कुठल्याच अर्जात नसतो.

म्हणून अंदाज नको, मोजणी हवी. मेन स्विचवर लॉगर, म्हणजे करंटची सतत नोंद ठेवणारे यंत्र, लावून किमान आठवडाभर प्रत्येक फेजचा करंट नोंदवावा, आणि त्या आठवड्यात हॉल भरलेला एक तरी कार्यक्रम असावा. रिकाम्या हॉलची नोंद कुचकामी. उन्हाळ्यात एसी लावायचे असतील, तर हिवाळ्यातल्या आकड्यावर ते भार वेगळे चढवावेत. पंपाची मोटर थेट सुरू केली, तर क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट खेचते, हेही हिशेबात धरावे. दुसऱ्या बाजूने, 100 वॉटच्या बल्बचे काम आता 10-12 वॉटचा एलईडी करतो. काही इमारतींची गरज त्यामुळे चक्क कमी झालेली आढळेल. तिथे भार वाढवून केवळ बिलातला स्थिर आकार (दरमहाची ठरावीक रक्कम) वाढेल.

मागणी 15 किलोवॅट असेल, तर 230 व्होल्टच्या सिंगल फेजवर सुमारे 65 अँपिअर लागतात. तोच भार 400 व्होल्टच्या थ्री फेजवर नीट वाटला, तर प्रत्येक फेजवर सुमारे 22. पण ‘नीट वाटला तर’ यातच सगळी मेख आहे. पुष्कळदा थ्री फेज येते आणि सगळे एसी एकाच फेजवर बसतात. मग त्या फेजचा फ्यूज उडत राहतो आणि भार कमी पडतो म्हणून नवा अर्ज जातो.

आता आतली स्थिती. वायरी झाकणारे जुने लाकडी केसिंग उघडले की रबरी इन्सुलेशनची वायर वाकवताच तिची साल भुग्यासारखी गळते. चिनीमातीच्या जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूजवायरच्या जागी तांब्याच्या तारेचा जाड वेढा असतो, ‘सारखा उडतो’ म्हणून कोणीतरी घातलेला. जुन्या सर्किटांना अर्थची तारच नसते. अशा वायरिंगमागे मोठी सर्व्हिस केबल जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. वायरमधला करंट दीडपट झाला, तर तिच्यातली उष्णता सव्वादोन पट होते, आणि तांब्याचा तो वेढा तिला थांबवत नाही.

तेव्हा वाढीव भाराच्या मंजुरीपूर्वी तीन कागद सक्तीचे करावेत: लॉगरची नोंद, 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किटची घेतलेली इन्सुलेशन चाचणी आणि अर्थिंगचे मोजमाप. मेगरचे वाचन एक मेगाओहमच्या खाली असेल, तर आधी वायरिंग बदलावे. सॉकेटच्या सर्किटांना 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय नवे मीटर बसू नये.

तपासणीचा खर्च संस्थांवर टाकू नका. एक लॉगर अनेक इमारतींत आळीपाळीने फिरू शकतो. विभागीय कार्यालयांनी तो उसना द्यावा. अनुदान असेल, तर त्यातला पहिला हप्ता या तपासणीसाठीच राखावा. आज अनुदान मिळाले की पहिल्यांदा झुंबर येते, हे आपल्यालाही ठाऊक असेल.

आपला,
एक निवृत्त वीज पर्यवेक्षक