इटलीत गाडी चालवणार आहेस म्हणे!

विलेपार्ले, मुंबई

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचून फोनच करणार होतो. पण फोनवर तू नुसतं ‘हो हो’ करतोस आणि ठेवल्यावर सगळं विसरतोस, म्हणून पत्र. काकूंना घेऊन इटलीत दहा दिवस गाडीने फिरणार, हे ऐकून बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला. कारण आमच्या ट्रिपमध्ये काय काय झालं, ते मी तुला निम्मंच सांगितलंय.

आधी कागद. आपल्या लायसनबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट तिथे लागतंच. मी अंधेरी आरटीओतून काढलं, तू कोल्हापुरात काढ. फॉर्म ४-अ, पासपोर्ट, फी १००० रुपये, मुदत १ वर्ष. मूळ लायसन मात्र घरी विसरू नकोस. नुसत्या परमिटला कोणी विचारत नाही.

मला धास्ती होती रोमच्या गर्दीची. पण गर्दीत पुढच्याच्या मागे मागे सरकत राहायचं, ते आपण पार्ले ते बांद्रा रोजच करतो. चुकायला वावच नसतो. घोळ झाला तो रिकाम्या रस्त्यावर. सिएनाजवळ एका शेतावरच्या घरात उतरलो होतो. सकाळी सातला निघालो, पंपावर टाकी भरली (‘बेंझिना’ म्हणजे पेट्रोल, ‘गझोलिओ’ म्हणजे डिझेल, एवढं घोकून जा) आणि बाहेर पडलो तो आपल्या सवयीने थेट डाव्या अंगाला. तिथे गाडी उजवीकडून चालवायची! रस्त्यावर चिटपाखरू नाही, त्यामुळे चुकलंय हे कळणार कसं? मी मजेत, बायको सायप्रेसच्या झाडांचे फोटो काढतेय, आणि वळणावर समोर ट्रॅक्टर. त्यावरचे आजोबा थांबले. हॉर्न नाही, शिवी नाही. म्हैस हाकावी तसा हात हलवून त्यांनी मला पलीकडे घातलं. पुढे बराच वेळ माझा क्लचवरचा पाय थरथरत होता.

बायकोने पर्समधून लाल टिकली काढली आणि स्टिअरिंगच्या मधोमध चिकटवली. टिकली दिसली की मनात म्हणायचं, ‘मी मधल्या रेषेकडे.’ ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मध्याकडे बसतो. आपल्याकडेही तेच आणि तिथेही तेच, कारण तिथे स्टिअरिंगच डावीकडे. पंपावरून, पार्किंगमधून, जेवून निघताना आधी टिकली बघायची. वॅगनआरच्या सवयीने इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होईल, गिअर टाकायला गेलास की डावा हात दारावर आपटेल. त्याला इलाज नाही, दोन दिवसांत जिरतं. गोल चौकात मात्र आधी डावीकडे बघ. पायी रस्ता ओलांडतानाही तेच, काकूंना हे आधीच सांगून ठेव.

आता फ्लॉरेन्स. तिथे मी खरा आपटलो. जुन्या शहरांच्या मध्यभागाला ‘झेडटीएल’ म्हणतात, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना ठरलेल्या वेळी बंदी. तोंडाशी लाल कड्याचा पांढरा गोल आणि कॅमेरा. अडवायला हवालदार नसतो, हीच फसगत. मी पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ वाचलं आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे चालू, म्हणजे जा, असा माझा इंग्रजी मीडियमचा हिशेब! ती पाटी कॅमेऱ्याचा नाका चालू असल्याचं सांगत होती. वाट चुकलो म्हणून फिरून पुन्हा त्यातूनच आलो, म्हणजे दोनदा. आधी भाड्याच्या गाडीवाल्यांनी माझं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची फी कार्डावरून कापली, आणि आम्ही तो प्रवास विसरल्यावर पोस्टाने दंडाची दोन पाकिटं आली. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते, त्यामुळे घरी पोचलास म्हणजे सुटलास असं समजू नकोस.

तू मुळात गाडी शहरात घालूच नकोस. ए-१ हायवेला लागूनच ‘विल्ला कोस्तांझा’ नावाचं पार्किंग आहे, तिथून टी-१ ट्राम थेट सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपर्यंत जाते. हॉटेल आतच असेल तर जाण्याआधी त्यांना गाडीचा नंबर कळव, ते नोंदवून घेतात. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या दुसऱ्याच्या. लोकल ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी मशिनमध्ये छापून घ्यायचं, आपण मुंबईच्या लोकलला कूपन पंच करायचो ना, तसंच.

हायवेवर १३० ची मर्यादा, पाऊस आला की ११०. डावी लेन फक्त ओव्हरटेकला. आपल्या एक्सप्रेस वेवर उजव्या लेनमध्ये ट्रक कसे ठाण मांडतात, तसं तू तिथे करू नकोस. टोलनाक्यावर पिवळ्या ‘टेलेपास’च्या (त्यांचा फास्टॅगच तो) रांगेत शिरू नकोस. गाडी बंद पडली तर उतरण्याआधी चकाकणारं जाकीट घालायचं, ते डिकीत नाही, हाताशी ठेव. कुठल्याही संकटात ११२. आणि मागे बसलेल्या काकूंनाही पट्टा, ‘पोट दाबतं रे’ म्हणाल्या तरी.

विमान पहाटेचं आहे ना? मग आदल्या रात्री आमच्याकडेच मुक्कामाला या. टिकल्यांचं पाकीट बायकोने तुझ्या नावाने काढून ठेवलंय, आणि दंडाची ती दोन पाकिटंही दाखवतो.

तुझा,
मन्या