मारी झेबाखच्या दीर्घांकासाठी हात सैल सोडा: नाट्यविभागाचे आवाहन

सर्व सभासद, माजी सभासद, हितचिंतक आणि ग्रुपवर सगळे वाचून काहीच न बोलणारे, अशा सर्वांना सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या नाट्यविभागाचा यंदाचा दीर्घांक मारी झेबाख या जर्मन नटीवर आहे, हे एव्हाना सर्वांच्या कानावर गेले आहे. तालमी रंगात आल्या आहेत. पैशाची बाजू मात्र लंगडी आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. तालमीला जाताना ट्रेनमध्ये बसून लिहिते आहे, काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते, "आपल्याकडे नाटकवाल्या बायका कमी पडल्या का, म्हणून ही जर्मन बाई शोधून काढलीत?" प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला उठले तेवढ्यात बटाटेवडे आले आणि सभा संपली. ते उत्तर आता देते.

आपण जर्मनीच्या थुरिंगिया राज्यात राहतो. पाहुणे आले की त्यांना वायमारला नेतो, नॅशनल थिएटरसमोरच्या गटे-शिलर या जर्मन कवी-नाटककारांच्या पुतळ्यापाशी फोटो काढतो, आइस्क्रीम खातो आणि परततो. तिथून चालत जाता येईल अशा टीफुर्टर आले रस्त्यावर उतारवयातल्या रंगकर्मींसाठी बांधलेले एक घर आहे. 1895 साली ते मारी झेबाखने स्वतःच्या कमाईतून उभे केले. कैसर गेला, दोन महायुद्धे झाली, पूर्व जर्मनी हा देश झाला आणि मोडला, तरी त्या घराचे काम चालू आहे. आपल्यातले कित्येक जण त्या रस्त्याने सायकलवरून टीफुर्टच्या बागेत जातात. पाटी कोणी वाचली नव्हती. मीही नाही.

मारी 1829 साली रिगाला जन्मली. बाप नट. त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्राउनश्वाइगला गटेच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग पहिल्यांदा सबंध रंगभूमीवर आला, आणि त्यातल्या ग्रेट्शेनच्या भूमिकेनेच पुढे मारीला नाव दिले. सुरुवात किरकोळ कामांची होती. न्यूर्नबर्ग, ल्युबेक, डान्त्सिग, कासेल अशी गावोगावची नाटकघरे करत ती हॅम्बुर्गच्या थालिया थिएटरात पोचली. मग 1854 चा उन्हाळा. म्युनिकला औद्योगिक प्रदर्शन भरले होते, त्यासाठी बांधलेला काचमहाल नवाकोरा होता, आणि तिथल्या दरबारी नाटकघराचा प्रमुख फ्रान्त्स डिंगलश्टेट याने जर्मन रंगभूमीवरचे नावाजलेले नट एकाच मंचावर गोळा केले होते. कॉलऱ्याची साथही शहरात त्याच उन्हाळ्यात शिरली. तसल्या दिवसांत ही पंचविशीची पोरगी दिग्गजांच्या शेजारी ग्रेट्शेन म्हणून उभी राहिली आणि नटी म्हणून सिद्ध होऊनच म्युनिकहून निघाली. पुढे व्हिएन्ना, त्यानंतर हानोवरचा दरबारी रंगमंच. 'जेन एअर'च्या जर्मन नाट्यरूपातली अनाथ मुलगी, आड्रिएन लेकुव्रर, 'एग्मोंट'मधली क्लेरशेन, ही तिची गाजलेली कामे.

लग्न 1859 मध्ये, आल्बर्ट नीमान या टेनर गायकाशी. हाच नीमान 1861 साली पॅरिसला संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातला टानहॉयझर गायला आणि 1876 साली बायरॉइटला वाग्नरच्याच 'रिंग' या ऑपेरामालिकेच्या पहिल्या प्रयोगात झीगमुंड होता. 1866 मध्ये प्रशियाने हानोवरचे राज्यच गिळले. त्या वर्षी दोघे बर्लिनला आली, आणि 1868 मध्ये काडीमोड झाला. आमच्या दीर्घांकात नीमान रंगमंचावर येत नाही, पडद्यामागून त्याचा नुसता आवाज येतो. (हा निर्णय दिग्दर्शिकेचा. आमच्याकडे टेनर नाही हेही एक कारण.)

1870-71 मध्ये ती जर्मन नाटकमंडळी घेऊन अमेरिकेला गेली आणि 17 शहरांत प्रयोग केले. तिथे स्थायिक झालेल्या जर्मनांनी आपल्या भाषेतले नाटक बघायला गर्दी करावी, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पुण्या-मुंबईचे नाटक फ्रँकफुर्टला आले की आपणही तीन तास गाडी हाकत जातोच.

पण मला सर्वांत भिडते ते शेवटचे पर्व. त्या काळी बहुतेक नाटकघरांचे करार हंगामापुरते असत, उन्हाळ्यात पगार बंद. नट्यांना पुष्कळदा रंगमंचावरचे कपडेही पदरच्या पैशाने शिवावे लागत, म्हणजे जितकी कामे जास्त तितके कर्ज जास्त. म्हातारपणी हाती काय उरणार? 1871 साली लुडविग बार्नाय हा नट वगैरे मंडळींनी रंगकर्मींची संघटना काढली, तीही वायमारलाच, आणि तिथे निवृत्तिवेतनाचा विषय धसास लागला. मारीला स्वतःची चिंता नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा तिच्या आधी गेला. साठ उलटलेल्या त्या बाईने गाठीचे पैसे काढले आणि ज्यांना कोणी नाही अशा नट-नट्यांसाठी छप्पर उभे केले. 3 ऑगस्ट 1897 रोजी सेंट मॉरिट्झला ती वारली. म्हणजे आपले घर चालताना तिला दोन वर्षेही धड पाहायला मिळाले नाही.

आता मराठीचा संबंध. मारी म्युनिक गाजवत होती तेव्हा विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ला अकराच वर्षे झाली होती. 1880 साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले तेव्हाही शकुंतला झाले ते शंकरराव मुजुमदार. तिच्या हयातीत आपल्याकडे स्त्रीपार्ट बहुतेक पुरुषच करत होते, हे आमच्या दीर्घांकातली सूत्रधारीण सुरुवातीलाच सांगून टाकते. सूत्रधारीण उगाच घातलेली नाही. 'फाउस्ट'च्या आरंभीचा नाटकघरातला प्रवेश गटेला कालिदासाच्या 'शाकुंतला'वरून सुचला असे मानतात, तेव्हा हे उसने परत घेतले म्हणा. ग्रेट्शेनचे प्रवेश विंदा करंदीकरांच्या मराठी 'फाउस्ट'मधून घेत आहोत, रीतसर परवानगी मागितली आहे.

हे आपल्याला झेपेल का, असे काहींना वाटते. त्यांनी जरा मागे वळून पाहावे. गणेशोत्सवातल्या एकांकिकेपासून आपण सुरुवात केली तेव्हा नेपथ्य म्हणजे येनाच्या डॉक्टर दांपत्याच्या घरचे दोन पडदे होते. ते पडदे त्यांनी कधी परत मागितले नाहीत, उलट गॅरेज मोकळे करून दिले, आणि आजही आपला सगळा संसार तिथेच असतो. गाडी बर्फात बाहेर उभी राहते. एरफुर्टचे दुकानदार काका दर तालमीला चहासाखर आणि शेंगदाणे पाठवतात आणि बिल मागितले की फोन ठेवून देतात. इल्मेनाउच्या विद्यार्थ्यांनी मागच्या वर्षी आख्खी चौकट, दार आणि बाजल्यासकट, लोकल ट्रेनने आणली. तिकीट तपासनीस बाजल्यावर बसूनच त्यांची तिकिटे बघत होता! करोनाच्या काळात ज्या आजींनी पुण्याहून रात्री जागून आम्हाला ऑनलाइन उच्चार शिकवले, त्या आता नाहीत. त्यांच्या लेकीने त्यांच्या नावाने पाठवलेली देणगी ही या खात्यातली पहिली जमा आहे. या सर्वांचे ऋण शब्दांत मावणारे नाही.

आणि आता थोडे कडू. दिवाळी फराळाची नोंदणी ग्रुपवर पडली की संध्याकाळच्या आत भरते. नाटकाच्या मदतीचा निरोप टाकला की अंगठे येतात, हात जोडलेले येतात, मग कोणीतरी सुप्रभात टाकते आणि निरोप वर निघून जातो. गेल्या वर्षी प्रयोग संपल्यावर "पुढच्या वेळी आधी सांगा हं, आम्ही नक्की मदत केली असती" असे म्हणणाऱ्यांसाठी हे आधी सांगणे आहे.

गरज किती निकडीची आहे याचा नमुना देते. ग्रेट्शेन ज्यावर सूत कातत गाते तो चरखा क्लाइनआन्त्साइगन या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर फुकट मिळाला. पायाने चालवायचा, जुना, लाकूड उत्तम, पण पावटा (पायाने दाबायची फळी) दांड्याला जोडणारी चामड्याची वादी कुजलेली. आम्ही बुटाची नाडी बांधली. पहिल्याच तालमीत चाक असे कुरकुरले की विंदांच्या ओळी पहिल्या रांगेतही ऐकू येईनात, आणि तिसऱ्या कडव्याला नाडी तुटून पावटा दाणकन आपटला. दुरुस्ती करणारा सुतार सापडला आहे, त्याचे पैसे द्यायचे आहेत.

तपशील थोडक्यात: प्रयोग शनिवार 14 नोव्हेंबर, संध्याकाळी 5, वायमारचे नेहमीचे सभागृह. एकूण खर्च 2,900 युरो (सभागृह, दिवे व ध्वनी, भाड्याचे कपडे, जर्मन उपशीर्षके, विमा, पुस्तिकेची छपाई, चरखा), जमा 1,150, हवेत 1,750, सभागृहाची उरलेली रक्कम 30 सप्टेंबरपर्यंत भरायची आहे. खाते मंडळाचेच, क्रमांक सभासदांच्या मेलमध्ये आहे, नसल्यास खजिनदारांकडे मागावा, कारणात "झेबाख" लिहावे, पेपॅल नको. 300 युरोपर्यंत करासाठी बँकेचा उतारा चालतो, त्यापुढे श्पेंडनक्विटुंग (देणगीची पावती) देऊ. 50 युरो व पुढच्या देणगीदारांचे नाव पुस्तिकेत येईल (नको असल्यास कळवावे). रक्कम उरल्यास टीफुर्टर आलेच्या घराला देणगी म्हणून जाईल. वस्तुरूपाने हवे: लांब काळा झगा, पितळी मेणबत्तीदाण्या, जुनी प्रवासी पेटी (चाके नसलेली), इस्त्री करणारे हात.

आपली,
कार्यवाह, नाट्यविभाग

ता. क.: प्रयोगाच्या वेळी लहान मुलांना शेजारच्या खोलीत सांभाळायला दोन जण हवे आहेत. त्यांना रंगीत तालीम आदल्या दिवशी पुढच्या रांगेत बसून पाहता येईल.