आराखडा हद्दीपाशीच का थांबतो?

महोदय,

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि प्रशासकांची लांबलेली राजवट एकदाची संपली. नव्या सभागृहांत रस्ते, गटारे, पथदिवे यांवर चर्चा होईलच. परंतु छोट्या शहरांचा मोठा प्रश्न पालिकेच्या हद्दीपलीकडे वाढत असून तो कोणत्याच सभागृहाच्या विषयपत्रिकेवर येत नाही.

आमच्या शहराच्या विकास आराखड्यातील १८ मीटरचा रस्ता हद्द संपताच सोयाबीनच्या शेतात शिरतो आणि पुढे गुंठेवारीच्या (परवानगीविना गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरील) घरांमधून जेमतेम रिक्षा जाईल एवढाच उरतो. शहरातल्या ओढ्याला हद्दीत पूररेषा आहे. हद्दीबाहेर त्याच ओढ्यात सिमेंटचे दोन पाइप टाकून वर भराव घातला आहे आणि प्लॉट पाडले आहेत. पावसाळ्यात तेथे तुंबलेले पाणी मागे शहरात शिरते. तक्रार केल्यास पालिका ग्रामपंचायतीकडे बोट दाखवते आणि ग्रामपंचायत तहसील कार्यालयाकडे. कागदोपत्री प्रत्येकाचे म्हणणे बरोबरच असते!

यावर हद्दवाढ हा नेहमीचा उपाय सुचवला जातो. साताऱ्याची हद्दवाढ कित्येक वर्षे रखडून २०२० मध्ये झाली, तर कोल्हापुरात गावांच्या विरोधामुळे ती अडली आणि त्याऐवजी २०१७ मध्ये ४२ गावांसाठी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले. गावकऱ्यांचा विरोध केवळ राजकीय म्हणून झटकून टाकता येणार नाही, कारण घरपट्टी लगेच वाढेल आणि नळ व गटार मात्र सावकाश येईल, ही त्यांची भीती अनाठायी नाही. शिवाय हद्द वाढवली, तरी प्लॉट पाडणारे नव्या हद्दीच्या पलीकडे जातातच.

वास्तविक शहर आणि भोवतालची गावे यांचा एकत्र विचार करण्याची तजवीज ७४ व्या घटनादुरुस्तीनेच केली आहे. पंचायती व नगरपालिकांच्या योजनांचे एकत्रीकरण करून, जागेचे नियोजन, पाण्याची वाटणी आणि पर्यावरण लक्षात घेऊन जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा मसुदा तयार करणे हे जिल्हा नियोजन समितीचे काम आहे. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. राज्याने १९९८ मध्ये त्यासाठी कायदाही केला. प्रत्यक्षात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील बैठकीत मुख्यतः निधीचे वाटप होते. कोणाला किती मिळाले, याच्याच बातम्या आपणही छापता. नकाशा टेबलावर येतच नाही.

नव्या नगरसेवकांनी या समितीत निधीबरोबर नकाशाही मागावा. नगररचना कार्यालयाने प्रत्येक शहर व लगतच्या गावांचा एकच नकाशा करावा आणि त्यावरील रस्ते व ओढ्यांशी विसंगत अशा प्लॉटच्या रेखांकनांना (ले-आउटना) मंजुरी देऊ नये. सगळे एकदम जमणार नसेल, तर निदान ओढे तरी येत्या पावसाळ्यापूर्वी मोजून घ्यावेत.

– एक वाचक, जि. सातारा