मुद्दल परत मिळेल, २३६१ साली

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "बुडालेल्या कंपनीचा कागद पैसे मोजून घेतलास?" मागून आईचा आवाज आला, "रद्दीवाला उलटे आपल्याला पैसे देतो." मी नुसता हसलो. पण तेव्हा धड काही सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

मी संग्रहासाठी घेतलाय तो वेस्ट शोअर रेलरोड या जुन्या अमेरिकन रेल्वे कंपनीचा, हजार डॉलर दर्शनी किमतीचा कर्जरोखा. शेअरवाला मालक आणि रोखेवाला सावकार, हे बँकेत जन्म काढलेल्या माणसाला मी काय सांगणार! व्याज सालीना चार टक्के, रेल्वेची मालमत्ता तारण, आणि मुद्दल फेडायची तारीख १ जानेवारी २३६१. छापखान्याची चूक नाही, बाबा. न्यूयॉर्क सेंट्रल या बड्या रेल्वे कंपनीने १८८५ साली ही लाइन ४७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि रोख्यांची मुदतही तशीच लांबलचक ठेवली. आपल्याकडे इनामाच्या सनदेत 'यावच्चंद्रदिवाकरौ' लिहायचे, त्याचाच हा हिशेबी भाऊ.

त्याआधीची भानगड तर आणखी मजेची. हडसन नदीच्या पूर्व काठाने न्यूयॉर्क सेंट्रलच्या गाड्या धावायच्या. तिचं गिऱ्हाईक पळवायला पश्चिम काठाने ही दुसरी लाइन टाकली. भाड्यांची अशी काही मारामारी झाली की नवी लाइन १८८४ मध्येच दिवाळखोरीत गेली. न्यूयॉर्क सेंट्रलला संशय, की या सगळ्यामागे तिची प्रतिस्पर्धी पेनसिल्व्हेनिया रेलरोड आहे. म्हणून तिनेही त्यांच्या मुलखात नवी लाइन टाकायला डोंगर पोखरायला घेतले. शेवटी बडा बँकर जे. पी. मॉर्गनने दोन्हीकडच्या बड्या मंडळींना आपल्या 'कॉर्सेअर' बोटीवर घेतलं, नदीत फिरवलं आणि तडजोड करूनच उतरवलं. माझा रोखा त्या तडजोडीचं अपत्य. पुढे १९६८ मध्ये न्यूयॉर्क सेंट्रल आणि पेनसिल्व्हेनिया या दोन्ही वैरिणी एकत्र येऊन पेन सेंट्रल झाल्या आणि जून १९७० मध्ये एकत्रच बुडाल्या. भाडेपट्ट्याच्या ४७५ पैकी ८५ वर्षंही पुरी झाली नव्हती.

आणि मी रोज ऑफिसला जातो ना, ती लाइट रेल न्यू जर्सीतल्या वीहॉकनच्या कड्याखालच्या बोगद्यातून जाते. तो बोगदा वेस्ट शोअरचाच. मधल्या स्टेशनावर लिफ्टने खाली उतरावं लागतं. वर्षभर मी तिथे मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होतो!

कागदाबद्दलही सांगतो. हे रोखे पोलादी पत्र्यावर नक्षी कोरून छापत; खोटे करता येऊ नयेत म्हणून. शाईचा उठाव अजून बोटाला जाणवतो. बाबा काउंटरवर नोटेवरून अंगठा फिरवायचे, तसाच मी फिरवून पाहिला. मध्ये गोल भोकं आहेत, ती रद्द केल्याची खूण. किंमत म्हणाल तर दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढी. रॉकफेलरच्या सहीचं स्टँडर्ड ऑइलचं भागपत्र मला परवडणारं नाही, तेव्हा आई, घाबरू नकोस.

आता नजर जीआयपीवर आहे. बाबा, तुम्ही ठाणे ते व्हीटी तीस वर्षं लटकत गेलात, ती मूळची ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची लाइन. १८५३ साली पहिली गाडी धावली, पण भागधारकांची सोय १८४९ च्या करारातच झाली होती. त्यांना पाच टक्क्यांची हमी. रेल्वेला तोटा झाला तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे जोखीम आपल्या पणजोबांच्या शेतसाऱ्याची आणि व्याज लंडनमध्ये. तो कागद मिळाला तर मी घासाघीस न करता घेईन.

आता कामाचं. कपाटातल्या पिवळ्या पिशवीत बाबांचे जुने कागदी शेअर आहेत, ते 'कंपनी बंद पडली' म्हणून फाडू नका. कंपनी दुसरीत विलीन झाली असेल तर ते जिवंतही असतील. लाभांश सलग सात वर्षं घेतला नसेल तर शेअरच सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात, पण तिथूनही परत मागता येतात. सगळ्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवा. हस्तांतराच्या नोंदी मागेच असतात.

आणि आई, हौसेने लॅमिनेशन करू नकोस. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेचं काय झालं ते आठवतंय ना?

तुमचा,
बंड्या