बेकिंगच्या यादीत वजनकाटा पहिला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती बेकिंगला लागणाऱ्या साधनांची लांबलचक यादी छापून आली. स्टँड मिक्सर, केक सजवायचं फिरतं स्टँड, नोझलचा संच, सिलिकॉनचे साचे असं पुष्कळ काही तीत होतं. वजनकाटा शेवटून दुसरा होता, तोही ‘असल्यास उत्तम’ अशा शेऱ्यासह. ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापक तर यादीत नव्हताच. नव्याने शिकणारी माणसं अशी यादी हातात घेऊन खरेदीला निघतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक होते. निवृत्त झाल्यापासून घरी बेकिंग शिकवते. केक मधोमध बसला, पाव विटेसारखा झाला, बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली, अशा तक्रारी घेऊन लोक येतात. बहुतेकांकडे बीटर असतो, साचे असतात, क्रीमच्या पिशव्या असतात. मी आधी एवढंच विचारते, मैदा मोजला कशाने? उत्तर ठरलेलं: कपाने.

कप थेट डब्यात बुडवून मैदा भरला तर तो दाबला जातो आणि एका कपात १४० ते १५० ग्रॅम बसतो. तोच मैदा आधी चाळून चमच्याने हलक्या हाताने भरला, तर १२० ग्रॅमच्या आसपास भरतो. तीन कपांच्या कृतीत हा फरक ६० ते ९० ग्रॅमवर जातो. मैदा एवढा जास्त पडला की केक कोरडा आणि घट्ट होणारच. मग करणारीला वाटतं, आपल्या हाताला चव नाही. हाताचा इथे काही संबंध नसतो. शिवाय कपही सगळीकडे सारखा नाही. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलीलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, जपानी २०० चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. कृती कुठून आली आहे हे कळल्याशिवाय ‘दोन कप मैदा’ या शब्दांना नेमका अर्थ नसतो. ग्रॅम मात्र सगळीकडे ग्रॅमच.

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा डिजिटल काटा घरगुती कामाला पुरतो. तो कडक, सपाट ओट्यावर ठेवावा. खाली फडकं असेल तर आकडा हलतो. सेल उतरले तरी आकडे भरकटतात. काटा खरा आहे का हे तपासायचं असेल, तर काट्यावर वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि औषधाच्या १० मिलीलिटरच्या सिरिंजने दहा वेळा पाणी भरून तीत सोडा. एक मिलीलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे काट्याने १०० च्या अगदी जवळचा आकडा दाखवायला हवा. शून्यावर आणण्याचं ते बटण तर मला फार आवडतं. एकाच भांड्यात मैदा, साखर, दूध एकापाठोपाठ एक मोजता येतं. वाट्या-कपांचा ढीग घासायला पडत नाही.

बेकिंग पावडर, सोडा, मीठ, यीस्ट यांच्यासाठी मात्र हा काटा चालत नाही. तीन-चार ग्रॅममध्ये एका ग्रॅमची चूक म्हणजे फारच मोठी चूक. तिथे मोजमापाचे चमचे हवेत आणि ते सुरीच्या पाठीने सपाट करून घ्यायला हवेत. शिगोशिग भरलेला चमचा सपाट चमच्याच्या दीडपट सहज होतो.

दुसरं साधन तापमापक. ओव्हनच्या गोल बटणावर १८० लिहिलं आहे म्हणून आत १८० अंश सेल्सिअस असतंच असं नाही. घरगुती ओव्हनमध्ये १५-२० अंशांचा फरक अगदी नेहमीचा. माझ्या ओव्हनचं बटण १८० वर ठेवलं की आत १९५ असतात, म्हणून मी १६५ वर ठेवते. त्यात थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, कॉइल बंद-चालू करत राहतो, त्यामुळे पाराही वरखाली होत असतो. तापमापक मधल्या जाळीवर ठेवून अर्धा तास अधूनमधून आकडे लिहून घ्यावेत आणि त्यांची सरासरी धरावी. एकदा हे केलं की आपला ओव्हन आपल्याला कळतो. बटणाजवळचा तापण्याचा दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असंही समजू नये. हवा तापलेली असते, भिंती अजून तापायच्या असतात. अशा वेळी दार उघडलं की उष्णता भसकन बाहेर जाते आणि केकला पहिली उभारी देणारी धग मिळत नाही. मी दिवा विझल्यावर आणखी दहा मिनिटं थांबते. हा तापमापक धातूचा असतो. मायक्रोवेव्हच्या मोडवर तो कधीही आत ठेवू नये.

या दोन गोष्टी घरात आल्या, की मग भांड्यांचा विचार करावा. फिकट रंगाचा, सरळ कडांचा ॲल्युमिनियमचा टिन सगळ्यात चांगला, कारण तो लवकर आणि सारखा तापतो. काळा टिन उष्णता जास्त शोषतो आणि कडा आधी करपतात. काचेचं भांडं सावकाश तापतं आणि बाहेर काढल्यावरही बराच वेळ गरम राहतं, त्यासाठी तापमान १०-१५ अंशांनी कमी ठेवावं. आणि व्यास मोजून घ्यावा! आठ इंची गोल टिनपेक्षा नऊ इंची टिनचा तळ सव्वापट असतो. सहा इंचीपेक्षा आठ इंचीचा जवळजवळ पावणेदोनपट. आठ इंचासाठीचं मिश्रण सहा इंचात ओतलं की ते उतू जातं, किंवा वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. टिन दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये.

चाळणी, विस्क, सिलिकॉनचा स्पॅच्युला, गार करायची जाळी आणि जाड, कोरडे हातमोजे एवढं आणखी असलं की पुरे. जाळी का हवी हे कुणी फारसं सांगत नाही. गरम केक ताटात ठेवला तर त्याची वाफ खाली अडकते, तिचं पाणी होतं आणि तळ ओला होतो. बटर पेपर घेताना तो भाजण्याचा आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्यावं. मेणाचा थर असलेला कागद ओव्हनमध्ये वितळतो आणि धुरकट वास येतो. अंड्याचा पांढरा भाग फेटायला स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्यावं, कारण प्लॅस्टिकला तुपातेलाचा अंश धरून राहतो आणि फेस धरत नाही. पाव नियमित करणाऱ्यांना टोकदार तापमापकही सुचवेन. पाव मधोमध ९३ ते ९६ अंशांवर गेला की तो झाला. टकटक करून आवाजावरून ठरवायला सरावाचे कान लागतात.

स्टँड मिक्सरला माझा विरोध नाही. आठवड्यातून चार वेळा कणीक मळणाऱ्याच्या मनगटांना तो मोठा आधार आहे. पण एखादी विद्यार्थिनी साठवलेले सगळे पैसे त्यात घालते आणि मैदा चहाच्या कपाने मोजते, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तिचा उत्साह दोन फसलेल्या केकांतच संपतो आणि मिक्सर कपाटावर जाऊन बसतो.

म्हणून आपल्याला विनंती. पुरवणीत यापुढे बेकिंगची कृती छापाल तेव्हा साहित्य ग्रॅममध्ये द्या. कपांचं माप द्यायचंच असेल तर ते शेजारी असू द्या, आणि कप किती मिलीलिटरचा तेही लिहा. टिनचा व्यास आणि उंची द्या. तापमान ओव्हनमधला पंखा चालू असतानाचं की बंद असतानाचं, हेही नोंदवा. पंखा चालू असेल तर साधारण २० अंश कमी लागतात. जागा थोडी जास्त लागेल, पण त्यासाठी सजवलेल्या केकचा फोटो एका स्तंभाने लहान केला तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक