विहिरीपासून सिनेटपर्यंत

महोदय,

अमेरिकी चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांनी लिहिलेल्या, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या चरित्राचा पहिला खंड १९८२ साली आला, चौथा २०१२ मध्ये. राजकारणाची आवड असलेल्या तरुणांना विनंती, सुरुवात पहिल्यापासूनच करा.

या चरित्रासाठी कॅरो दांपत्य टेक्सासच्या हिल कंट्रीत जवळपास तीन वर्षे जाऊन राहिले. तिथल्या म्हाताऱ्या बायकांनी त्यांना वीज येण्याआधीचे दिवस सांगितले. विहिरीतून पाणी शेंदायचे, जोखडाला बादल्या अडकवून घरी आणायचे. त्या ओझ्याने पाठीला बाक आलेला. ती पाने वाचताना मला माझी आजी आठवली. त्या मुलखात वीज आणली ती तरुण खासदार जॉन्सन यांनी. आणि हाच माणूस १९४८ मध्ये सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, उमेदवारीची पक्षांतर्गत निवडणूक अवघ्या ८७ मतांनी जिंकला! अ‍ॅलिस गावच्या १३ क्रमांकाच्या मतपेटीच्या मतदारयादीत मागाहून दोनशेवर नावे घुसली, एकाच हस्ताक्षरात, वर्णानुक्रमाने. पुढे वांशिक भेदभावाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदाही राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनीच रेटून मंजूर करून घेतला. कॅरो यातले काहीच झाकत नाहीत, म्हणून मला हे चरित्र इतके मोलाचे वाटते.

– एक वाचक, सातारा