नव्या मिशनऱ्यांच्या पहिल्या आठवड्यासाठी मदत हवी आहे

वॉर्डातील (आपल्या स्थानिक मंडळीतील) सर्व बंधुभगिनींना,

लेटर-डे सेंट्स चर्चमध्ये मिशनऱ्यांच्या बदल्या साधारणपणे दर 6 आठवड्यांनी होतात आणि काही दिवस आधी निरोप मिळतो. मध्येच कोणी आजारी पडून घरी परतले, तर मात्र, मिशनरी जोडीनेच काम करत असल्याने, इतर जोड्याही हलवाव्या लागतात. रात्री फोन येतो आणि सकाळी निघायचे असते. बॅगांत मावेल तेवढेच बरोबर येते. अंथरूण-पांघरूण, भांडी बहुधा जुन्या खोलीवर राहतात.

जोडीतला एक जण आधीपासून इथे काम करणारा असेल तर निभावते. दोघेही नवे आले की चर्चबद्दल शिकत असलेल्या कुटुंबांशी जुळलेले नाते तुटू लागते. नोंदीत नाव-पत्ता सापडतो. पण कोण रात्रपाळीला असते, कोणत्या आजोबांना बेल ऐकू येत नाही, हे त्यात नसते. बंद दारांवरून माघारी फिरण्यात आठवडा जातो. म्हणून सर्वांत आधी आम्ही तुमचा वेळ मागतो आहोत. पहिले 7 दिवस रोज संध्याकाळी 2 तास एखाद्या सदस्याने त्यांच्यासोबत फिरावे, शक्यतो त्या घरांना ओळखणाऱ्याने. सिस्टर मिशनऱ्यांसोबत भगिनींनी जावे.

खोलीसाठी 2 गाद्या, 4 चादरी, 2 जाड पांघरुणे आणि दोघांपुरती भांडी लागतील. सायकल देणार असाल तर चेन आणि ब्रेकचे रबर तपासूनच द्या. सोबत एक जादा ट्यूब हवी; टायरच्या कडेवर छापलेला आकार पाहूनच ती घ्या आणि व्हॉल्व्हही जुळवा, कारण जाड व्हॉल्व्ह बारीक भोकाच्या रिममध्ये बसत नाही. एकदा आपटलेले हेल्मेट कृपया देऊ नका. आतला फोम दबलेला असतो, बाहेरून कळत नाही, आणि पुढच्या पडण्यात ते डोके वाचवत नाही.

जेवणाला बोलावताना पथ्य आणि ॲलर्जी आधी विचारा. चहा-कॉफी ठेवू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी बहुधा उपवास असतो, त्या दिवशी दुपारचे आमंत्रण नको. घरी फक्त महिला असतील तर एल्डर (पुरुष मिशनरी) आत येत नाहीत. त्या वेळी घरात एखादा प्रौढ पुरुष असेल असे पाहा, नाहीतर डबा द्या. आमंत्रणे एकाच दिवशी गोळा होतात आणि बाकीचे दिवस कोरडे जातात, म्हणून तारीख यादीत लिहूनच ठरवा.

रोख रक्कम मिशनऱ्यांच्या हाती देऊ नका. देणगीच्या पावतीवर वॉर्ड मिशनरी निधीचा रकाना आहे, तिथे भरा. बूट झिजलेले दिसले किंवा कुणाचे नेहमीचे औषध संपत आल्याचे कळले, तर त्याच दिवशी वॉर्ड मिशन लीडरला सांगा. नव्या ठिकाणी ही मुले संकोचाने स्वतःहून बोलत नाहीत.

सोबतीची आणि जेवणाची यादी रविवारच्या सभेनंतर रिलीफ सोसायटीच्या (भगिनींच्या संघटनेच्या) खोलीत ठेवलेली असेल. सामान आणताना त्यावर आपले नाव चिकटवा, म्हणजे खोली रिकामी झाल्यावर ते तुम्हाला परत करता येईल.

— वॉर्ड कौन्सिल